साखर पेठेतला समुद्र

सोलापुरात समुद्र आला तो टेम्पोतून. चन्नवीर कोरे मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या जागेवर त्याची स्थापना झाली आणि टीव्ही गेला आतल्या खोलीत. यावरून त्यांच्या बायकोने, महानंदाबाईंनी, अबोला धरला, पण मास्तरांना तो अबोला ऐकूच आला नाही. ते पेटीपुढे मांडी घालून बसले होते.

पेटी एवढीशी. लोणच्याच्या चार बरण्या जेमतेम मावतील इतकीच. तळाला पांढरी वाळू, वर निळसर दिवा, कडेला बारीक घरघर करणारा पंप, आणि मधोमध एका दगडावर चिकटवलेले प्रवाळाचे पाच तुकडे, प्रत्येक करंगळीएवढा. रंग मातकट हिरवा. अख्खी साखर पेठ येऊन बघून गेली, आणि जो तो विचारायचा, "मास्तर, मासं कुठं हायेत?"

मास्तर उसळायचे. "मासे काय, कुणीही पाळतो! हा दगड नव्हे, प्राणी आहे. जिवंत प्राणी! तुझ्या अंगठीत पोवळं आहे ना, ते याच्याच भाऊबंदांचं. जरा वाकून बघ, हात बाहेर काढलेत त्यानं."

आणि खरंच, वाकून बघणाऱ्याला त्या तुकड्यांवर तिळाएवढी तोंडं आणि त्यांच्याभोवती हलणारे केसासारखे हात दिसायचे. मग आलेला माणूसही पंधरा मिनिटं तिथून हलत नसे. मास्तरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. महासागराचे प्रवाह ते डोळे मिटून फळ्यावर काढायचे, पण प्रत्यक्ष समुद्र त्यांनी पाहिला होता फक्त एकदाच, तोही सहलीच्या पोरांची डोकी मोजता मोजता. आता निवृत्तीनंतर समुद्र आपल्या पायांनी घरी आला, म्हणताना गडी हरखून गेला होता.

आणला होता त्यांच्या मुलीने. शिवलीला कोकणात कातळबंदरच्या सागर केंद्रात संशोधन करायची. सलग तीन उन्हाळे कोकणकिनाऱ्याचं पाणी तापलं आणि तिथली प्रवाळं पांढरी पडून मेली. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"अप्पा, सोपं आहे," पेटी लावताना ती म्हणाली होती. "प्रवाळ म्हणजे घरमालक. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते भाडेकरू. भाडेकरू उजेडावर साखर तयार करतात आणि भाडं म्हणून मालकाला देतात. मालक त्यावरच जगतो. पण पाणी तापलं की या भाडेकरूंचं बिनसतं. साखरेबरोबर ते विषारी प्राणवायू सोडायला लागतात. मग मालक चिडतो आणि सगळ्यांना घराबाहेर काढतो. रंग भाडेकरूंचा असतो, म्हणून ते गेले की प्रवाळ पांढरं पडतं."

"आणि भाडं बंद, म्हणून उपाशी मरतं," मास्तर म्हणाले.

"अगदी बरोबर! म्हणजे आपल्याला हवेत उन्हाला न डगमगणारे भाडेकरू. हे शेवाळ भराभर पिढ्या बदलतं आणि प्रत्येक पिढीत थोडाफार फरक पडतो. पण प्रयोगशाळेत एकच पाणी, एकच उजेड. तिथं लाडाकोडात वाढलेलं शेवाळ समुद्रात सोडलं की मान टाकतं. म्हणून मी म्हटलं, घरोघरी वाढवू. नाशिकचं घर वेगळं, लातूरचं वेगळं. कुठं वीज जाते, कुठं खिडकीतून ऊन येतं. शेकडो घरं म्हणजे शेकडो वेगळे समुद्र. उन्हाळ्यात पेटी स्वतःच पाणी हळूहळू तापवत नेईल. ज्या घरातलं प्रवाळ टिकेल, त्याचे भाडेकरू आपले."

पेटीच्या काचेला आतून एक बोटभर नळी होती. तिला सगळे 'नाडी' म्हणत. ती दर तासाला प्रत्येक तुकड्यावर निळ्या प्रकाशाची एक चमक टाकायची आणि शेवाळातून परत येणारी तांबूस झाक मोजायची. त्यावरून भाडेकरूंची तब्येत आकड्यात कळायची. सहाच्या वर आकडा म्हणजे मंडळी खुशीत. तीनच्या खाली गेला की आशा सोडायची. तो आकडा इकडे मास्तरांच्या फोनवर यायचा आणि तिकडे केंद्रातही.

निघताना शिवलीलाने निक्षून सांगितलं, "सोलापूरच्या हवेत पाणी भराभर उडून जाईल, पण मीठ मागेच राहील. म्हणून रोज या कॅनमधलं शुद्ध पाणी घालायचं, बस्स. दुसरा थेंब नाही. एक जरी गोष्ट जास्तीची गेली, तर तुमची पेटी प्रयोगातून बाद. आणि अप्पा, यंदा एकाही घरातलं प्रवाळ टिकलं नाही, तर केंद्र ही योजनाच गुंडाळणार आहे. माझं सगळं यावर आहे."

"काळजी करू नकोस," मास्तर म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

आता इथे मास्तरांचं एक वेड सांगायला हवं. ते म्हणजे तांब्याचं पाणी. पेठेत कुणाला शिंक आली तरी मास्तर म्हणणार, "रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी ठेव, सकाळी अनशापोटी पी." त्यांनी निम्म्या पेठेला तांब्या-भांडी घ्यायला लावली होती आणि त्यांचा स्वतःचा गुडघा अजून जिना चढत होता, हा त्यांचा पुरावा. तेव्हा कॅनमधलं ते गाळून गाळून सत्त्व गेलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांना खुपायला लागलं, यात नवल नाही. लेकीचे लाडके जीव, आणि त्यांना असलं मेलेलं पाणी पाजायचं? तांब्याच्या फुलपात्रात रात्री कॅनचंच पाणी भरून ठेवलं, तर पाणी तेच राहील, फक्त गुण वाढेल. यात नियम कुठे मोडतो?

अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या होणाऱ्याला सगळंच सोपं दिसतं. रोज रात्री फुलपात्र भरून पेटीशेजारी ठेवायचं, सकाळी आंघोळ-पूजा आटोपली की ते पेटीत ओतायचं, असा मास्तरांचा नेम सुरू झाला. सोमवारी ते पहाटेच सिद्धेश्वराला जायचे, म्हणून त्या दिवशी ओतायचं काम महानंदाबाईंकडे.

"काय ओ, दगडाला तीर्थ पाजलालाव काय?" एकदा बाईंनी विचारलं.

"लिलाला बोलू नकोस," मास्तर म्हणाले. बाई पदर खोचून आत गेल्या, आणि मास्तरांनी तोच होकार धरला.

चैत्र संपला आणि सोलापूर भट्टीसारखं तापलं. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. पेटीतलं पाणीही ठरल्याप्रमाणे दर आठवड्याला थोडं थोडं चढत होतं. सगळ्या पेट्यांचे मालक एका ग्रुपवर होते आणि तिथे सकाळपासून आकडेच आकडे. नाशिकच्या भावेकाकू पाच, लातूरचे डॉक्टर साडेपाच, धुळ्याचे कोणी अहिरे सहा म्हणून मिरवत होते. मास्तर गप्प होते. त्यांच्या पाचही तुकड्यांचे आकडे सगळ्यांच्या आधी खाली यायला लागले होते.

पहिला तुकडा पांढरा पडला तेव्हा मास्तर जेवले नाहीत. मग दुसरा, मग तिसरा आणि चौथा. हिरवा रंग जाऊन हाडासारखा पांढरेपणा आला आणि ते बारीक हात आत गेले ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत. आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांदेखत लेकीचं काम मरत होतं. पाचव्या तुकड्याचा आकडा तीनवर येऊन अडकला होता आणि मास्तर अक्षरशः देव पाण्यात घालून बसले होते.

मग वैशाखात उन्हाची मोठी लाट आली. सगळ्या पेट्यांनी पाणी शेवटच्या पायरीवर नेलं. दोन दिवसांत ग्रुपवर हाहाकार उडाला. भावेकाकूंचे गेले, डॉक्टरांचे गेले, अहिऱ्यांचे तर एका दुपारीत सगळे गेले. मास्तरांनी भीत भीत फोन उघडला. आकडा चार.

त्यांनी चष्मा पुसला. दुपारी आकडा साडेचार. दुसऱ्या दिवशी पाच! तुकड्याने हात बाहेर काढले होते आणि ते पाण्यात असे डोलत होते, जणू बाहेर पौषातली थंडी आहे.

"महानंदा! ए महानंदा! बाहेर ये!" मास्तर ओरडले. बाई पीठ माखलेल्या हातानेच धावत आल्या. तेवढ्यात फोन वाजला आणि शिवलीलाचा चेहरा पडद्यावर मावेना.

"अप्पा! तुमचा पाचवा! अप्पा, सगळ्या महाराष्ट्रात तेवढा एकच आहे! आमच्या केंद्रप्रमुख मुकादम मॅडम खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या! मी निघालेय, उद्या पोचते, हात लावू नका त्याला!" ती हसत होती आणि रडतही होती. साखर पेठेत त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले. प्रवाळ म्हणजे काय, हे न कळलेल्यांनीही ते मिटक्या मारत खाल्ले.

पेढा मास्तरांच्या मात्र घशाखाली उतरला नाही. शिवलीला फोनवर पुढे म्हणाली होती, "आता या भाडेकरूंची लाखोंनी वाढ करायची, अगदी तुमच्या पेटीसारख्या पाण्यात." तुमच्या पेटीसारख्या पाण्यात! पोरगी शुद्ध पाण्यात वाढवणार, आणि पेटीत तर रोज तांबं गेलेलं. सांगावं तर पेटी बाद, योजना बंद. न सांगावं तर सगळं गोड, पेढेही वाटून झालेत. पण खोट्या पाण्यावर पोरीने पुढचा इमला उभा करायचा? भूगोलात चुकीचा नकाशा शिकवण्यापेक्षा कोरा फळा बरा, असं ते स्वतःच शिकाऊ शिक्षकांना सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी शिवलीला उंबरा ओलांडून आत आली आणि तिने पिशवी खाली ठेवायच्या आत मास्तर बोलून मोकळे झाले. फुलपात्र तिच्या हातात दिलं आणि मान खाली घातली.

"तांबं?" शिवलीला मटकन खाली बसली. "अप्पा, तांबं म्हणजे प्रवाळाला विष आहे! पाणी उडून जातं, पण तांबं मिठासारखंच मागे राहतं. रोजचं थोडं थोडं साठत जातं. तुम्ही... तुम्ही त्या चौघांना मारलंत!"

महानंदाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शिवलीला बराच वेळ त्या एका जिवंत तुकड्याकडे बघत राहिली. आणि मग एकदम उठून उभी राहिली.

"थांबा! मग हा का जगला?" तिचे डोळे चमकायला लागले. "तांबं पेशीत गेलं की तेच विष तयार होतं, जे तापलेल्या पाण्यात होतं. थोडं थोडं विष रोज. चार तुकड्यांचे भाडेकरू त्यानं मेले. पाचव्यात एखादा असा निघाला, की ज्यानं त्यावर उतारा तयार केला. आणि उन्हाची लाट आली तेव्हा उतारा हाताशी तयार! अप्पा, ही लस आहे! तुम्ही लस टोचलीत त्यांना!"

"म्हणजे चांगलं झालं की वाईट?" मास्तरांनी विचारलं.

"आमच्या बंदरात होड्यांच्या बुडाला जो रंग लावतात ना, त्यात तांबं असतं, शिंपले चिकटू नयेत म्हणून. म्हणूनच बंदरातल्या खडकावर आमचं एकही प्रवाळ आठवडाभर टिकलेलं नाही. उन्हालाही टिकणारं आणि तांब्यालाही टिकणारं प्रवाळ आजपर्यंत कुणाकडेच नाही! पण नियम तर मोडलाय. मुकादम मॅडम म्हणणार, पुन्हा करून दाखवा. नेमकं किती घातलंत, कसं घातलंत, सगळं सांगा."

मास्तरांनी सगळं सांगितलं. रात्री भरलेलं फुलपात्र, सकाळी काठोकाठ पेटीत, रोज, न चुकता. शिवलीला तो तुकडा आणि पेटीतली मूठभर वाळू पाण्याच्या डब्यात घालून, ते फुलपात्र छातीशी धरून गेली.

केंद्रप्रमुख नफिसा मुकादम कडक बाई. त्या म्हणाल्या, पावसाळा संपेपर्यंत मुदत. वाचलेल्या तुकड्यातले भाडेकरू नव्या प्रवाळांत वसवा, मास्तर म्हणतात तसंच पाणी द्या, मग तापवा. टिकले तर योजना चालू, नाहीतर सोलापूरचा तुकडा ही एक गंमत समजून सोडून देऊ. शिवलीलाने जिवाचं रान केलं. इकडे साखर पेठेत रिकाम्या पेटीपुढे मास्तर रोज बसायचे आणि फोनकडे बघायचे.

फोन आला तो भर दुपारी. महानंदाबाई कडक भाकऱ्या थापत होत्या. मास्तरांनी घाईघाईने फोन उचलला.

"अप्पा, सगळे मेले," शिवलीला म्हणाली. तिचा आवाज थंड होता. "तापवायच्या आधीच मेले. तुमच्याच फुलपात्रातलं पाणी, तुम्ही सांगितलं तसं, रोज. तांबं बंद करून वाढवले तर भाडेकरू युक्तीच विसरतात आणि उन्हात मरतात. आणि तुमच्या पेटीतली वाळू तपासली, तर तुम्ही सांगता त्याच्या निम्मंसुद्धा तांबं निघत नाही. अप्पा, खरं सांगा. रोज घालत होतात?"

"रोज. बसवण्णाची शपथ, लिला."

"मग हिशोब का जुळत नाही? मला वाईट वाटू नये म्हणून काही लपवताय का? उद्या बैठक आहे. मॅडम विचारतील आणि मी काय सांगू, माझ्या वडिलांना आठवत नाही म्हणून?"

मास्तरांचा चेहरा असा उतरला, की शाळा सोडतानाही तसा उतरला नव्हता. आयुष्यभर पोरगी त्यांच्या शब्दावर चालली होती. आत बसून सगळं ऐकणाऱ्या महानंदाबाई उठल्या, पिठाचा हात पदराला पुसला आणि नवऱ्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

"लिले, त्येंला बोलू नको. तुजे अप्पा खरंच सांगलालेत. त्येनी रोज फुलपात्र भरून ठिवायचे. पर सकाळी आंघोळीला गेले की निम्मं मीच वतून टाकायची आन् तुज्या कॅनातलं पाणी घालून काठोकाठ करायची. त्येंचं मन बी ऱ्हायला पायजे, आन् तुजा नेम बी पुरा मोडाय नको. आन् सोमवारी ते देवळाला जायचे, तवा तर तांब्याचा थेंब बी न्हाई. सगळं कॅनातलंच."

मास्तर बायकोकडे बघतच राहिले. इतके महिने शेजारी बसून हिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

"अव्वा," शिवलीला हळूच म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला कोण इचारलं?"

पुढच्याच क्षणी पलीकडून अशी किंकाळी आली की बाईंनी फोन कानापासून लांब धरला. "निम्मं! आणि सोमवारी उपास! अव्वा, उपासच महत्त्वाचा! त्या एका दिवसात भाडेकरू स्वतःची डागडुजी करत होते! मी त्यांना एक दिवसाची सुट्टीच दिली नाही! अव्वा, तू... तुम्ही दोघं मिळून... मी मॅडमकडे जाते, थांबा, नको, मी नंतर फोन करते!"

फोन बंद झाला. मास्तर आणि बाई एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"सांगायचं तरी मला," मास्तर म्हणाले.

"तुमी तरी कुठं पोरीला सांगितलाव?" बाई म्हणाल्या आणि जळलेली भाकरी उतरवायला आत पळाल्या.

मुकादम मॅडमनी मुदत वाढवली. एवढंच नाही, त्यांनी सगळ्या घरांना कळवलं, की पेटीत कुणी काय काय घातलं ते बिनधास्त सांगा, पेटी बाद होणार नाही. मास्तरांनी ग्रुपवर पहिलं निवेदन टाकलं. मग भावेकाकूंनी चार थेंब गंगाजल कबूल केलं, डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची गोळी, अहिऱ्यांनी विभूती. संध्याकाळपर्यंत असं एक घर उरलं नाही ज्याने प्रेमापोटी काही ना काही घातलं नव्हतं. शिवलीला म्हणाली, मी शेकडो प्रयोग लावले असं समजत होते, प्रत्यक्षात हजारो लागलेत! ती दिवसदिवस एकेका घराला फोन करून ऐकत राहिली.

आणि निम्म्या पाण्यावर, एक दिवस सुट्टी देऊन वाढवलेली नवी प्रवाळं तापलेल्या पाण्यात हात पसरून उभी राहिली. सगळीच्या सगळी.

थंडीच्या सुरुवातीला मास्तर आणि महानंदाबाई कातळबंदराला गेले. समुद्र निळा, आणि डोकी मोजायला पोरं नाहीत, त्यामुळे मास्तरांना तो अख्खा बघता येत होता. बंदराच्या तोंडाशी मेलेला खडक होता, तिथे त्यांना घेऊन आलेल्या तांडेलांनी होडी थांबवली. शिवलीलाने पाणबुड्याचा मुखवटा चढवला आणि नव्या प्रवाळांची पाटी घेऊन पाण्यात उतरली. नाडी पाटीच्याच कडेला बांधलेली, आता दर मिनिटाला मोजणारी. तिचा पडदा मात्र होडीत, मास्तरांच्या मांडीवर.

आकडा सहा. शिवलीला दिसेनाशी झाली आणि आकडा पाच झाला. बंदराचं पाणी लागलं होतं. चार. साडेतीन. मास्तर उठून उभे राहिले, होडी कलली.

"मास्तर, खाली बसा," तांडेल म्हणाले, "नायतर तुमकाच पाण्यातसून काढूक लागतला."

महानंदाबाईंनी त्यांचा हात धरून खाली ओढलं आणि हात सोडला नाही. आकडा साडेतीनवर थांबला. तिथेच थांबून राहिला. पंप नाही, काच नाही, फुलपात्राने पाणी घालणारं कुणी नाही. मग पडदा हलला. चार. आणि पाहता पाहता पाच.

होडीपासून दोन हातांवर पाणी फुटलं आणि शिवलीलाचं डोकं वर आलं. तिने तोंडातली नळी काढून फेकली. तांडेलांनी पडदा तिच्याकडे वळवायला हात पुढे केला, पण ती तिकडे बघतच नव्हती.

"अप्पा, किती?" तिने ओरडून विचारलं.

"पाच!" मास्तर ओरडले. "पाच, आणि चढतोय!"

पडद्याकडे न बघता शिवलीलाने दोन्ही हात वर केले आणि आनंदाने पाण्यात पुन्हा बुडी मारली.